इंग्रजी नाम: पाच प्रकार पाठ आहेत, तरी चुका का होतात?

प्रश्न थोडक्यात असा: ‘नाऊनची व्याख्या येते, पाच प्रकार उदाहरणांसह लिहिता येतात, पेपरात गुणही मिळतात. पण चार वाक्यं स्वतःची लिहायला घेतली की अ, द, एस आणि इज-आर यांत गोंधळ होतोच. नाम नेमकं समजून कसं घ्यायचं?’

चूक तुमच्या पाठांतरात नाही, यादीत आहे. प्रॉपर, कॉमन, कलेक्टिव्ह, मटेरियल, ॲबस्ट्रॅक्ट ही विभागणी अर्थावरून केलेली आहे. वाक्य जुळवताना इंग्रजी त्या अर्थाची फारशी विचारपूस करत नाही. ‘फर्निचर’ हा शब्द कलेक्टिव्ह की कॉमन यावर वर्गात तासभर वाद घालता येईल, पण त्याच्याआधी ‘अ’ येत नाही आणि शेवटी ‘एस’ लागत नाही हे ठाऊक असलं तरच वाक्य बरोबर येतं. बोलण्या-लिहिण्यासाठी पाचांपैकी एकच भेद कामाचा आहे, तो म्हणजे विशेषनाम आहे की नाही. आणि त्याहून मोठा भेद त्या यादीत नाहीच: नाम मोजता येणारं आहे की न येणारं.

मराठीत नाम हाती आलं की आपण नकळत पहिलं ठरवतो ते लिंग. तो दगड, ती खुर्ची, ते झाड. विशेषण, क्रियापद, सामान्यरूप सगळं त्यावर अवलंबून. इंग्रजी नामाला हा प्रश्न जवळजवळ नाहीच. लिंग दिसतं ते ‘ही’, ‘शी’, ‘इट’ या सर्वनामांत. सामान्यरूपही नाही. ‘घोडा’चं ‘घोड्याला’, ‘घोड्यावर’ होतं. ‘हॉर्स’ मात्र ‘टू’ आलं काय, ‘ऑन’ आलं काय, तसाच राहतो. ही सूट मिळाली म्हणून नाम सोपं वाटतं, आणि तिथेच फसगत होते. लिंगाऐवजी इंग्रजी मोजणी विचारते, आणि दर वाक्यात विचारते.

आधी नाम ओळखायचं कसं ते. ‘व्यक्ती, वस्तू, स्थळ यांचं नाव’ ही व्याख्या ‘वॉक’सारख्या शब्दापाशी अडखळते. ‘आय वॉक डेली’मध्ये तो क्रियापद आहे, ‘लेट्स गो फॉर अ वॉक’मध्ये नाम. शब्द तोच, जागा वेगळी. म्हणून अर्थाऐवजी जागा बघा. शब्दाच्या आधी अ, द, माय, धिस, सम यांपैकी काही बसतं का? तो इन, ऑन, फॉर, ऑफ यांच्यामागून येतो का? ‘एस’ लावून अनेकवचन होतं का? यातलं एक जरी पटलं तरी बहुतेक वेळा नामच असतं. शब्दाचा शेवटही मदत करतो: काइंडनेसमधलं ‘नेस’, मूव्हमेंटमधलं ‘मेंट’, एज्युकेशनमधलं ‘शन’, ॲबिलिटीमधलं ‘टी’. काही जोड्यांत तर नुसता आघात बदलतो. ‘रेकॉर्ड’चा पहिला भाग ठासून म्हटला तर ती नोंद, दुसरा ठासला तर नोंदवणं. ऑब्जेक्ट, प्रेझेंट, परमिट यांचंही तसंच. ‘ॲडव्हाइस’मध्ये शेवटी ‘स’ आणि स्पेलिंगमध्ये सी असेल तर ते नाम. ‘झ’चा उच्चार आणि स्पेलिंगमध्ये एस असेल तर क्रियापद. ई-मेलमध्ये ‘प्लीज ॲडव्हाइज’ बरोबर आणि ‘थँक्स फॉर युअर ॲडव्हाइस’ही बरोबर, उलटं केलं की चूक.

आता मूळ मुद्दा, मोजणी.

‘मोजता येणारं’ म्हणजे प्रत्यक्षात मोजता येणारं नव्हे. पैसे कोण मोजत नाही? तरी ‘मनी’ हा शब्द इंग्रजीत न मोजता येणाऱ्यांत आहे. मोजतो आपण रुपये. हा व्याकरणातला ठरलेला हिशेब आहे आणि तो शब्दागणिक शिकावा लागतो. मराठीची सवय जिथे उपयोगी पडते ते शब्द सोपे जातात: माहिती, सामान, ज्ञान हे मराठीतही सहसा एकवचनी आहेत, त्यामुळे ‘इन्फर्मेशन’, ‘लगेज’, ‘नॉलेज’ यांना एस लावू नका एवढं सांगितलं की पुरतं. घोटाळा होतो तो मराठी आणि इंग्रजी उलट दिशेला जातात तिथे. अशा जागांचे दोन गठ्ठे आहेत आणि दोन्ही वेगळे लक्षात ठेवावे लागतात.

पहिला गठ्ठा: मराठीत अनेकवचन, इंग्रजीत मोजणी नाही. सल्ले, बातम्या, दागिने, पुरावे, केस, पैसे. इंग्रजीत ॲडव्हाइस, न्यूज, ज्वेलरी, एव्हिडन्स, हेअर, मनी. सगळे एकवचनी, सगळ्यांना ‘इज’. ‘माझे केस लांब आहेत’ म्हणजे ‘माय हेअर इज लाँग’, ‘हेअर्स आर’ नाही. धान्यातही तसंच. आपण म्हणतो ‘हे तांदूळ जुने आहेत’, ‘गहू चांगले निघाले’. इंग्रजीत ‘धिस राइस इज ओल्ड’, ‘द व्हीट इज गुड’. आणि या गठ्ठ्यातला सगळ्यांत महागात पडणारा शब्द ‘वर्क’. ‘मला एक काम आहे’ याचं सरळ ‘आय हॅव अ वर्क’ होतं आणि मुलाखतीतही ऐकू येतं. म्हणायचं ‘आय हॅव सम वर्क’; एकच ठरावीक काम असेल तर ‘अ टास्क’ किंवा ‘अ जॉब’. ‘होमवर्क’ला तोच नियम, म्हणून ‘होमवर्क्स’ नाही.

दुसरा गठ्ठा: मराठीत एक वस्तू, इंग्रजीत कायम अनेकवचन. ही कात्री, हा चष्मा, ही पँट, हा चिमटा, हा लेंगा. इंग्रजीत सिझर्स, ग्लासेस किंवा स्पेक्टॅकल्स, ट्राउझर्स, टाँग्स, पायजमाज. आणि एकाच वस्तूसाठीसुद्धा ‘आर’. ‘व्हेअर आर माय ग्लासेस?’ असंच विचारायचं, चष्मा एकच असला तरी. जिचे दोन भाग जोडून एक वस्तू होते तिची नावं बहुधा अशी असतात. एक-दोन मोजायचेच झाले तर ‘अ पेअर ऑफ सिझर्स’, ‘टू पेअर्स ऑफ ट्राउझर्स’. ‘कपडे’ही इथलेच. ‘क्लोद्स’ला एकवचन नाही, ‘क्लॉथ’ म्हणजे कापड किंवा फडकं, कपडा नव्हे. एकच कपडा सांगायचा तर शर्ट, कुर्ता असं नावच घ्यावं. ‘पोलीस’ मराठीत एकटा येऊ शकतो, ‘एक पोलीस उभा होता’. इंग्रजीत ‘द पोलीस आर’. एकटा असेल तर ‘अ पोलीस ऑफिसर’. आपल्याकडच्या ऑफिसांत ‘दोन स्टाफ सुट्टीवर आहेत’ सर्रास म्हणतात, इंग्रजीत मात्र ‘टू मेंबर्स ऑफ स्टाफ’.

न मोजता येणारी नामं मोजायची वेळ आली की मधे एक माप घालावं लागतं. ही कल्पना मराठीला नवी नाही: कपभर चहा, पावाची लादी, साबणाची वडी. फरक इतकाच की मराठीत ते ऐच्छिक आहे. ‘दोन साबण आण’, ‘दोन खडू दे’ चालतं. इंग्रजीत ‘टू बार्स ऑफ सोप’, ‘टू पीसेस ऑफ चॉक’. ब्रेडचं ‘स्लाइस’ किंवा ‘लोफ’, कोऱ्या कागदाचं ‘शीट’. फर्निचर, ॲडव्हाइस, न्यूज, लगेज, इक्विपमेंट यांना एकटं ‘अ पीस ऑफ’ चालतं. नेमकं माप आठवलं नाही तर तेच वापरा. किती हे विचारतानाही वाट वेगळी होते: मोजणीच्या नामांना मेनी, फ्यू, नंबर, बाकीच्यांना मच, लिटल, अमाउंट. ‘मच पीपल’ आणि ‘मेनी ट्रॅफिक’ दोन्ही चूक.

काही नामं दोन्हीकडे जातात आणि जाताना अर्थ बदलतात. ‘पेपर’ म्हणजे कागद, पण ‘अ पेपर’ म्हणजे वर्तमानपत्र, प्रश्नपत्रिका किंवा शोधनिबंध. ‘एक्स्पीरियन्स’ नुसता असेल तर कामाचा अनुभव, ‘ॲन एक्स्पीरियन्स’ म्हणजे एखादा प्रसंग. म्हणून बायोडेटात ‘फाइव्ह इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स’, ‘एक्स्पीरियन्सेस’ नव्हे. ‘चिकन’ ताटात असेल तर न मोजता येणारं, अंगणात फिरत असेल तर मोजता येणारं. ‘आय एट अ चिकन’ म्हणजे अख्खी कोंबडी फस्त केली. आमटीत एक केस सापडला तर तेवढ्यापुरतं ‘अ हेअर’ बरोबर आहे. शब्दकोश बघताना हे लगेच कळतं: शिकणाऱ्यांसाठी केलेल्या इंग्रजी कोशांत नामाच्या अर्थापुढे बहुधा सी किंवा यू हे अक्षर असतं. सी म्हणजे मोजता येणारं, यू म्हणजे न येणारं. मोबाइलवर अर्थ बघून लगेच ॲप बंद करायची सवय असते. ते एक अक्षर वाचूनच बंद करा. मराठी अर्थ देणाऱ्या कोशांत ही खूण बहुधा नसते, त्यामुळे तिथे फक्त अर्थ मिळतो.

मोजणी ठरली की आर्टिकलचं, म्हणजे अ, ॲन, द यांचं, निम्मं काम झालं. नियम एकच आणि कडक: मोजता येणारं एकवचनी नाम इंग्रजीत एकटं उभं राहत नाही. अ, द, माय, धिस, एव्हरी, यांपैकी काहीतरी आधी हवंच. मराठीत ‘मी शिक्षक आहे’, ‘गाडी घेतली’ पुरतं. इंग्रजीत ‘आय ॲम टीचर’, ‘आय बॉट कार’ ही अर्धी वाक्यं आहेत. ‘अ टीचर’, ‘अ कार’ पाहिजे. अपवाद ठरावीक आहेत आणि बहुतेक जागेपेक्षा कृतीशी बांधलेले: बाय बस, ॲट होम, गो टू बेड, गो टू स्कूल. ‘गो टू स्कूल’ म्हणजे शिकायला जाणं. पालक फी भरायला गेले तर ‘गो टू द स्कूल’.

अ की ॲन हे स्पेलिंगवरून नाही, उच्चारावरून. ॲन अवर, ॲन ऑनेस्ट मॅन, पण अ युनिव्हर्सिटी, अ वन-रुपी कॉइन. आद्याक्षरांत तर हे पदोपदी लागतं: ॲन एसटी बस, ॲन एफआयआर, ॲन एमएलए, ॲन एलआयसी पॉलिसी, पण अ यूपीआय पेमेंट. पहिलं अक्षर तोंडाने म्हणा, त्याची सुरुवात स्वराने झाली तर ॲन.

‘द’बद्दल लोक फार घाबरतात आणि मग सगळीकडे लावतात. वाचणाऱ्याला ‘कोणता?’ हे आधीच कळलेलं असेल तरच ‘द’. सरसकट विधानात नाही: ‘लाइफ इज हार्ड’, ‘टायगर्स ईट मीट’. ‘द लाइफ इज हार्ड’ नव्हे. विशेषनामांना सहसा काही लागत नाही, पण नद्या, समुद्र आणि डोंगररांगांना लागतं: द गोदावरी, द अरेबियन सी, द वेस्टर्न घाट्स. एकट्या शिखराला नाही. १६४६ मीटरचं कळसूबाई राज्यात सर्वांत उंच असलं तरी नुसतं ‘कळसूबाई’.

अनेकवचनाचा ‘एस’ सुटतो त्याचं कारण मराठीतच आहे. एक दगड, दोन दगड. एक मित्र, पाच मित्र. एक शाळा, तीन शाळा. अकारान्त पुल्लिंगी आणि शाळा-भाषा-सभांसारखी स्त्रीलिंगी नामं अनेकवचनात बदलतच नाहीत, संख्या पुढे आली की आपलं काम होतं. म्हणून ‘फाइव्ह फ्रेंड’ जिभेवर येतं. मापांत तर आणखी: दोन किलो, पाच लिटर, दहा फूट. इंग्रजीत टू किलोज, फाइव्ह लिटर्स, टेन फीट. उलट हंड्रेड, थाउझंड, लाख, डझन यांच्याआधी नेमका आकडा असेल तर एस नको: ‘फाइव्ह थाउझंड रुपीज’. आकडा नसताना मात्र हवा: ‘थाउझंड्स ऑफ पीपल’.

हा ‘एस’ लिहिताना एक असला तरी बोलताना तीन प्रकारे येतो. कॅट, बुक, मॅप यांच्यापुढे ‘स’. डॉग, पेन, डे यांच्यापुढे ‘झाड’मधल्या झसारखा, कारण आधीचा आवाज घोष आहे, म्हणजे तो काढताना घसा थरथरतो. बस, बॉक्स, मॅच, जज यांच्यापुढे एक वेगळा भाग वाढतो: ब-सिझ, मॅ-चिझ. हा वाढीव भाग गिळला तर ऐकणाऱ्याला एकवचनच ऐकू येतं, म्हणून तिन्हींत तो आधी पक्का करा. स्पेलिंगचं थोडक्यात: व्यंजनानंतर वाय असेल तर सिटीचं सिटीज करताना वाय जाऊन आयईएस, स्वरानंतर असेल तर, बॉयसारखा, नुसता एस. नाइफचं नाइव्हज होतं पण रूफ, चीफ, बिलीफ यांचं होत नाही. पोटॅटो, टोमॅटो, हीरो यांना ईएस. फोटो, रेडिओ, किलो यांना एस. वुमनच्या अनेकवचनाचा उच्चार ‘विमिन’. शीप, डिअर, सीरिज, एअरक्राफ्ट बदलत नाहीत. ‘क्रायटेरिया’ अनेकवचन आहे, एक असेल तर ‘क्रायटेरियन’. तसंच ‘मी अमुक कॉलेजचा अलम्नाय’ असं प्रोफाइलवर लिहिणाऱ्याने स्वतःला अनेकवचन लावलेलं असतं. एकटा पुरुष अलम्नस, एकटी स्त्री अलम्ना.

नामापुढे नाम आलं तर पहिलं विशेषणाचं काम करतं आणि बहुधा एकवचनीच राहतं: शू शॉप, बस स्टॉप. संख्या जोडली तरी तसंच: ‘अ फाइव्ह-रुपी कॉइन’, ‘अ टेन-इयर-ओल्ड बॉय’. पण ‘ही इज टेन इयर्स ओल्ड’, कारण इथे इयर्स स्वतंत्र आहे. सेव्हिंग्ज अकाउंट, स्पोर्ट्स टीचर, कस्टम्स ड्यूटी हे रुळलेले अपवाद. ‘कझिन ब्रदर’ लिहू नका, नुसतं ‘कझिन’. चुलत, मामे, आते, मावस हे सगळं इंग्रजीने एका शब्दात गुंडाळलेलं आहे आणि त्याला आपला इलाज नाही.

मराठीचा ‘चा-ची-चे’ सगळ्यांना चालतो. इंग्रजीत माणसं, प्राणी आणि काळ यांना अपॉस्ट्रॉफी-एस: सुनीताज बुक, टुडेज पेपर. निर्जीव वस्तूंना शक्यतो ‘ऑफ’ किंवा जोडनाम: ‘टेबलचा पाय’ म्हणजे ‘द लेग ऑफ द टेबल’ किंवा ‘टेबल लेग’. अनेकवचनात आधीच एस असेल तर अपॉस्ट्रॉफी त्याच्या मागे, दोन आठवड्यांची रजा म्हणजे टू वीक्स लीव्ह, त्यात ‘वीक्स’च्या एसनंतर खूण. चिल्ड्रनसारख्या एस नसलेल्या अनेकवचनाला मात्र पूर्ण अपॉस्ट्रॉफी-एस.

आता क्रियापद. न्यूज, मॅथेमॅटिक्स, पॉलिटिक्स, मीझल्स यांच्या शेवटचा एस फसवा, सगळ्यांना ‘इज’. ‘टीम’ किंवा ‘कमिटी’ला ब्रिटिश इंग्रजीत ‘आर’ही चालतं, परीक्षेत ‘इज’ लिहून मोकळं व्हावं. ‘द लिस्ट ऑफ नेम्स’मध्ये कर्ता यादी आहे, नावं नव्हेत, म्हणून ‘इज’. आदरार्थी अनेकवचन इंग्रजीत नाही: ‘माझे वडील आले आहेत’ म्हणजे ‘माय फादर हॅज कम’. आणि ‘वन ऑफ माय फ्रेंड’ ही चूक होते ती ‘माझा एक मित्र’ हे मनात ठेवून बोलल्यामुळे. त्याऐवजी ‘माझ्या मित्रांपैकी एक’ असं मनात म्हणा. ‘मित्रांपैकी’ आपोआप अनेकवचनी येतं आणि ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’ही.

सरावाला वेगळं पुस्तक लागत नाही. इंग्रजी वर्तमानपत्रातला एक परिच्छेद घ्या, साधारण शंभर शब्दांचा. प्रत्येक नामाखाली रेघ ओढा आणि त्याच्याआधी काय आहे ते वर लिहा. काहीच नसेल तर कारण सांगता आलं पाहिजे: अनेकवचन आहे, मोजता येत नाही, विशेषनाम आहे, किंवा ‘बाय बस’सारखी ठरलेली जोडी आहे. पाचवं कारण सापडलं तर बहुधा ते मथळा आहे. मथळ्यांत आर्टिकल मुद्दाम गाळतात, म्हणून सरावाला मथळे घेऊ नका. वहीत नवीन नाम उतरवताना नुसता शब्द आणि अर्थ लिहू नका. ‘अ सूटकेस, सूटकेसेस’ असं लिहा किंवा ‘लगेज, एस नाही, अ पीस ऑफ’ असं.

मग स्वतःचं लिखाण त्याच नजरेने तपासा. समजा लिहिलंय: ‘वन ऑफ माय फ्रेंड इज टीचर. ही हॅज अ वर्क इन पुणे, सो ही बॉट टू लगेजेस.’ पहिल्या वाक्यात ‘मित्रांपैकी’ची चाचणी लावली की फ्रेंड्स होतं, टीचर मोजता येणारं, एकवचनी आणि उघडं, म्हणून ‘अ टीचर’. वर्क मोजता येत नाही, म्हणून ‘सम वर्क’. पुणे विशेषनाम, तसंच ठेवा. लगेजला एस नाही, आणि घेतल्या त्या दोन बॅगाच, म्हणून ‘टू सूटकेसेस’. इतकं झाल्यावर क्रियापदं एकदा पुन्हा बघा: ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’ला कर्ता ‘वन’ आहे, त्यामुळे फ्रेंड्स अनेकवचनी झाले तरी ‘इज’ बदलत नाही.